इथल्या सैन्याकडे रणगाडे नाहीत, हे खरंच आहे

न्यूब्रिज, काउंटी किल्डेअर

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, त्या आयर्लंडला सैन्यच नाही म्हणे. उद्या काही झालं तर तुमचं कसं व्हायचं?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "सगळी मिळून साडेसात हजार माणसं, त्याला काय सैन्य म्हणायचं!" फोनवर हे घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

बाबांचा आकडा बरोबर आहे. भूदल, नौदल, हवाई दल धरून मंजूर जागा ९,५००, आणि प्रत्यक्षात साडेसात हजारांच्या आसपास माणसं. लढाऊ जेट एकही नाही. ७६ मिमी तोफेचे हलके स्कॉर्पियन रणगाडे होते, तेही २०१७ मध्ये सेवेतून काढले. युरोपीय संघात उत्पन्नाच्या मानाने संरक्षणावर सगळ्यात कमी खर्च करणारा देश हाच.

त्यामुळे इथले लोकही आपल्या सैन्याबद्दल दोन टोकांचं बोलतात. काहींच्या लेखी ही पुरात वाळूची पोती टाकणारी आणि बँकेच्या रोकड-गाडीमागे जीपमधून जाणारी माणसं. काहींच्या लेखी जगातले सर्वोत्तम शांतिसैनिक, त्यांना कशाला हवीत महागडी शस्त्रं? मला दोन्ही बोलणी लागतात, कारण खरी उणीव कुठे आहे ते दोन्हींत झाकलं जातं.

आधी रायफल, कारण बाबा तेच विचारणार. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून इथे ऑस्ट्रियाची श्टायर आहे, ५.५६ मिमीची. "तीस-पस्तीस वर्षांची जुनी बंदूक" अशी टीका नेहमी होते. पण २०१४ पासून ती सुधारून घेतली: वरची मूळ दीडपट दुर्बीण काढून आडवी पट्टी बसवली, तिच्यावर चारपट दुर्बीण. मॅगझिन पकडीच्या मागे असल्यामुळे नळी पूर्ण लांबीची, ५०८ मिमी, राहूनही अख्खी रायफल ७९० मिमीतच बसते, म्हणजे चिलखती गाडीतून उतरताना दारात अडकत नाही. मॅगझिन पारदर्शक, तीसातल्या किती गोळ्या उरल्या ते बघताच कळतं. खोलली की सहाच मुख्य भाग: नळी, रिसीव्हर, बोल्ट, घोड्याची पेटी, बट आणि मॅगझिन.

आता तिच्या खोडी. ट्रिगर अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की सलग फैर. घाबरलेला नवखा जवान हमखास पूर्ण ओढतो. म्हणून आयरिश रायफलींना ट्रिगरपाशी एक छोटं कुलूप आहे. ते लावलं की सलग फैर होतच नाही. दुसरी खोड गॅसची, म्हणजे गोळी सुटल्यावर पिस्टनला ढकलणाऱ्या वायूची; पिस्टन मग बोल्ट, म्हणजे पुढची गोळी चढवणारा भाग, मागे नेतो. काजळी साचली की पिस्टन जड होतो, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढची गोळी चेंबरमध्ये चढत नाही. किती गॅस घ्यायचा ते ठरवणाऱ्या गॅस प्लगवर एक लहान ठिपका आहे आणि एक मोठा. नेहमी लहानावर ठेवायचा. रायफल अडायला लागली की मोठ्यावर फिरवायचा, जास्त गॅस मिळतो आणि काम निघतं. पण हा तात्पुरता इलाज. मोठ्या ठिपक्यावरच चालवत राहिलं की बोल्ट जोरात आपटतो आणि भाग लवकर झिजतात. खरा उपाय म्हणजे प्लग आणि पिस्टन काढून काजळी खरवडणं. डावखुऱ्यांची अडचण वेगळीच: रिकामं काडतूस उजवीकडून उडतं, डाव्या खांद्यावर धरली तर सरळ तोंडावर. त्यासाठी वेगळा बोल्ट बसवावा लागतो.

गाड्यांचंही तेच. मोवाग पिरान्हा या चिलखती गाड्या, आठ चाकी, एकूण ८०. पहिल्या २००१ मध्ये आल्या. बहुतेकींवर १२.७ मिमी मशीनगन, काहींवर ३० मिमी तोफ. आयर्लंडचा मध्यभाग दलदलीचा, शेतं लहान, बांधांवर दाट झुडपं; इथे जड रणगाडा घेऊन करायचं काय? परदेशातल्या मोहिमेत चाकाची गाडी रस्त्याने पटकन पोचते. ऑगस्ट २०१४ मध्ये सीरिया-इस्रायल सीमेवरच्या गोलान टेकड्यांवर फिलिपिन्सचे शांतिसैनिक वेढ्यात सापडले, तेव्हा त्यांना बाहेर काढायला याच आयरिश गाड्या गेल्या. त्या वेळी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल इक्बालसिंग सिंघा होते, हे बाबांना सांगायलाच हवं.

आता तयारीबद्दल. भरती झालेला मुलगा किंवा मुलगी तीन चांदण्यांचा प्रायव्हेट, म्हणजे पूर्ण शिकलेला जवान, व्हायला साधारण सहा-सात महिने घेते. परदेशी पथकासाठी वेगवेगळ्या छावण्यांतली माणसं एकत्र आणतात, काही आठवडे घोटून घेतात, आणि शेवटी विकलोच्या डोंगरातल्या ग्लेन ऑफ इमाल या फायरिंग रेंजवर परीक्षा होते. रस्ता अडवलेला जमाव, रस्त्याकडेचा बॉम्ब, जखमी सोबती. रक्त थांबवायला जखमीला पट्टा आवळल्याची वेळ लिहिली का, पुढच्या गाडीला मागची दिसते का, रेडिओ बंद पडला तर कोणी काय करायचं, एवढं बारीक बघतात. मागची गाडी दिसणं का महत्त्वाचं, ते डिसेंबर २०२२ मध्ये कळलं. लेबनॉनमध्ये बैरूतकडे निघालेल्या दोन गाड्यांची ताटातूट झाली, एक भलत्या रस्त्याने अल-अकबियाहमध्ये शिरली, तिच्यावर गोळीबार झाला आणि एक तरुण जवान गेला.

बाबा, तुम्ही सैनिकाचं पोट आणि पाणी यावर नेहमी बोलता, म्हणून काँगोचं लिहिते. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत पहिली आयरिश बटालियन तिथे गेली ती जाड लोकरीच्या गणवेशात, विषुववृत्तावर! हातात जुन्या ली-एनफिल्ड रायफली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, जादोव्हिलला कमांडंट पॅट क्विनलन यांच्या दीडशेवर जवानांना कितीतरी पट मोठ्या फौजेने वेढलं. क्विनलन यांनी आधीच खंदक खणून घेतले होते, म्हणून पाच दिवसांच्या लढाईत एकही आयरिश जवान मेला नाही. पण पाणी संपलं. हेलिकॉप्टरने पाणी आलं ते इंधनाच्या कॅनमधून, पिण्यालायक नव्हतं. मग गोळ्याही संपल्या आणि शरणागती पत्करावी लागली. मायदेशी त्यांना कितीतरी वर्षं भित्रे म्हणून हिणवलं गेलं. पथकाला अधिकृत सन्मान मिळायला २०१६ उजाडलं. धुतलेले कॅन पाठवणं ज्यांचं काम होतं, त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही. याच काँगोत, एलिझाबेथव्हिलला, ५ डिसेंबर १९६१ रोजी आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, परमवीर चक्राचे. त्याच महिन्यात त्याच शहरात आयरिश जवानही लढत होते.

आताचा लेबनॉनही तसाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या ६-५२ या चौकीशेजारी इस्रायली रणगाडे येऊन थांबले, आत तीसेक आयरिश जवान. ते हलले नाहीत. इथे त्यांचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण ती चौकी टिकली ती बंकरमुळे, साठवलेल्या पाण्या-अन्नामुळे आणि जनरेटरच्या डिझेलमुळे. इशारा झाला की सगळे बंकरमध्ये. त्याला ते 'ग्राउंडहॉग' म्हणतात.

मग उणीव कुठे? पहिली, माणसांत. अनेक वर्षं भरती होणाऱ्यांपेक्षा सोडून जाणारे जास्त होते. जातो तो बारा वर्षं घासलेला सार्जंट, मेकॅनिक, रेडिओवाला. बाहेर पगार चांगला मिळतो. नवखे शिकवायचे त्यानेच, परदेशी पथक न्यायचं त्यानेच, गाड्या दुरुस्त ठेवायच्या त्यानेच. तो गेला की ८० गाड्या कागदावर ८०च राहतात, रस्त्यावर मात्र कमी निघतात. नौदलात तर माणसं नाहीत म्हणून जहाजं धक्क्याला बांधून ठेवावी लागली. दुसरी, आकाशात. इथलं रडार विमानाला विचारतं, "तू कोण?", आणि विमानातलं यंत्र उत्तर देतं. ते यंत्र कोणी बंद केलं तर दूर समुद्रावरचं विमान दिसत नाही. लाटा सोडून परतणारा प्रतिध्वनी ऐकणारं, म्हणजे उत्तर न देणाऱ्यालाही पकडणारं लांब पल्ल्याचं लष्करी रडार देशाकडे नव्हतंच. ते घ्यायचं आता ठरलंय. २०२२ च्या फेब्रुवारीत सैन्याची पाहणी करायला नेमलेल्या आयोगाने हे सगळं स्पष्ट लिहिलं, आणि त्याच जुलैत सरकारने वार्षिक खर्च १.१ अब्ज युरोवरून २०२८ पर्यंत दीड अब्जावर न्यायचं मान्य केलं. मला यात पगार आणि घरभाडं आधी बघावंसं वाटतं, रडार दुसरं, नव्या गाड्या त्यानंतर.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मोठ्या देशाने हल्ला केला तर हे सैन्य एकट्याने थोपवू शकणार नाही. पण ज्याची भीती जास्त, म्हणजे समुद्राखालच्या केबली कापणं, ड्रोन, संगणकावरचे हल्ले, त्यात रणगाडे असून नसून सारखेच. मी रात्री नीट झोपते, तूही झोप. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, दादाला आठवण करून दे.

आणि बाबा, तुमच्या एसएलआर रायफलची मूळ एफएन इथेही श्टायरच्या आधी होती. तिच्या गॅस रेग्युलेटरबद्दल सांगतात की बोल्ट जेमतेम चालेल इतका गॅस ठरवायचा आणि वर दोन खटके जास्त द्यायचे. तुमच्या पलटणीतही दोनच देत होते का? रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
सुमा