पॉलिकार्प आजोबांबद्दल

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस सध्या काय वाचतोयस आणि मी पॉलिकार्प म्हटल्यावर हसलास, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. हा दुसऱ्या शतकातला स्मर्नाचा बिशप, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. साधारण इसवी सन 155-156 च्या सुमारास रोमन राजवटीत ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून त्याला मारलं, आणि स्मर्नाच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी) फिलोमेलियम गावच्या मंडळीला पत्र लिहून ते सगळं कळवलं.

मला आवडलं ते काय, तर हा माणूस मरायला उतावीळ नव्हता. क्विंटस नावाचा एक ख्रिस्ती मरायला स्वतःहून पुढे झाला आणि अंगावर सोडायची श्वापदं बघून टरकला, देवतांना बळी वाहून मोकळा! पॉलिकार्प मात्र लोकांनी सांगितलं म्हणून गावाबाहेर एका मळ्यावर, मग दुसऱ्या मळ्यावर जाऊन राहिला. शेवटी एका पोराचा छळ करून पत्ता काढला. शिपाई रात्री जेवणाच्या वेळी आले, तर हा माडीवरून खाली आला आणि म्हणाला यांना खायला-प्यायला द्या, हवं तेवढं, मला फक्त तासभर प्रार्थना करू द्या. केली दोन तास! त्यातल्या काहींना वाईट वाटायला लागलं की एवढ्या म्हाताऱ्याला धरायला आपण आलो.

पुढे स्टेडियममध्ये गव्हर्नर म्हणतो, वयाचा विचार कर, 'नास्तिकांचा नाश असो' म्हण आणि सुट. (रोमच्या देवांना न मानणारे ख्रिस्तीच तेव्हा नास्तिक!) याने काय केलं, गर्दीकडे बघून हात हलवला आणि तेच वाक्य त्यांनाच ऐकवलं, काय डोकं बघ. ख्रिस्ताला शिव्या दे म्हटल्यावर मात्र सरळ उत्तर, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू.

लोकांना सिंह सोडायला हवा होता, पण श्वापदांचे खेळ संपले होते, मग जाळायचं ठरलं आणि लोकांनी दुकानांतून, हमामखान्यांतून लाकडं गोळा केली. खिळे ठोकू नका, मी हलणार नाही म्हणाला, म्हणून नुसतं बांधलं. आग त्याच्याभोवती शिडासारखी फुगली, अंगाला लागलीच नाही, शेवटी खंजीर खुपसला असं पत्रात आहे. त्या आगीच्या भागावर माझा काही विश्वास बसत नाही, जेवण वाढायला सांगण्यावर मात्र लगेच बसतो, असली गोष्ट कोण कशाला रचेल?

मूळ पत्राचं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे, छोटंसंच आहे, वाच आणि तुझं मत कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या