फाइलीत बिलं सगळी, कल्चर रिपोर्ट कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देवगड तालुक्यात माझं मेडिकल आहे. गाव छोटं, त्यामुळे कुणाला कुठल्या हॉस्पिटलात नेलं नि कधी आणलं ते काउंटरवरच कळतं. मोठं काही झालं की आमचा पेशंट कोल्हापूर, बांबोळी नाहीतर मुंबई. ऑपरेशन होतं, आयसीयू होतो, माणूस घरी येतो आणि थोड्या दिवसांनी परत ताप, लघवीला जळजळ. नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि शेवटी कुणीतरी कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी, करायला सांगतं तेव्हा रिपोर्टवर ई. कोलाय नाहीतर क्लेबसिएला असं जंतूचं नाव, आणि औषधांच्या यादीपुढे आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. एस, म्हणजे औषध लागू पडतं, दिसतो तो मेरोपेनेमसारख्या एखाद्या इंजेक्शनपुढे, ते बहुतेक दिवसातून तीनदा शिरेतून द्यायचं, आता वाडीवरच्या म्हातारीला रोज तीनदा कोण नेणार सांगा.

मध्यंतरी अशाच एका आजींचा मुलगा फाइल घेऊन आला. बिलं होती, एक्स-रे होते, कॅन्टीनची पावतीसुद्धा होती, फक्त कल्चर रिपोर्ट नव्हता. फोनाफोनी केल्यावर कळलं की आयसीयूत असतानाच कल्चर झालेलं नि तेव्हाच हा जंतू सापडलेला! तो एक कागद फाइलीत असता तर इथल्या डॉक्टरांना अंदाजाने औषधं बदलत बसावं लागलं नसतं.

हे जंतू आतड्यात राहतात, एरवी काही त्रास देत नाहीत. अँटिबायोटिकने साधे जंतू मरतात आणि हे उरतात. वर त्यांचा रेझिस्टन्सचा जीन बऱ्याचदा प्लास्मिडवर, म्हणजे एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो, तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही मिळतो. माणूस बरा होऊन घरी येतो पण पोटात हे महिनोन्महिने राहू शकतात, नि लघवीत, जखमेत किंवा रक्तात गेले की खरा घोळ. मेरोपेनेमसारखी औषधंही निकामी करणारा एक जीन आहे, एनडीएम-1, त्यातलं एनडी म्हणजे न्यू डेल्ही. 2010 मध्ये त्याच्या नावात दिल्ली का घातली म्हणून केवढा गदारोळ झाला, पण पुढच्याच वर्षी दिल्लीत साचलेल्या सांडपाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत तोच जीन सापडल्याचं छापून आलं, त्यावर कोण एवढं तावातावाने बोललं?

आमच्याकडे तर जांभा, पाणी धरूनच ठेवत नाही. शोषखड्डा वर नि विहीर खाली अशी कितीतरी घरं आहेत, पावसात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. एक बरंय, औषधाला न जुमानणारा हा जंतू उकळीला आणि टीसीएल पावडरीला मात्र बाकीच्यांसारखाच मरतो, तेव्हा पाणी उकळा, संडासहून आल्यावर साबण लावा आणि घरी आणलेल्या पेशंटला उगाच वाळीत टाकू नका.

आता आमच्या धंद्याचं. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या काही अँटिबायोटिक वगैरे औषधांची सरकारी यादी, मार्च 2014 पासून लागू आहे, त्यातली औषधं दिली की पेशंटचं नि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. तरी गिऱ्हाईक येतं, "वायच दोन गोळये दी, डॉक्टराकडे खय जातलंय." पोट बिघडलंय तर ओआरएस घ्या, पेज प्या, बहुतेक जुलाब तेवढ्याने थांबतात, असं सांगितलं की ते पुढच्या दुकानात जातं आणि तिथे मिळतं. गणपतीत चाकरमानी येतात ते तर औषधाचं नाव मोबाइलवरच दाखवतात. केरळात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर 2024 पासून धाडी टाकायला लागले, इथे टाकल्या तर आमच्यातले काही जण बोंबलतील, बोंबलू देत.

पण माझी मागणी धाडींची नाही, त्याहून सोपी आणि बिनखर्चाची आहे. पेशंटला घरी सोडताना कल्चर झालेलं असेल तर त्याची झेरॉक्स डिस्चार्ज कार्डाला टाचलीच पाहिजे, आणि रिपोर्ट उशिरा येणार असेल तर नातेवाइकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावा. सरकारी असो की खाजगी. पुढची पायरी म्हणून ग्रामीण रुग्णालयात नमुना घेऊन जिल्ह्याच्या लॅबला पाठवायची रोजची सोय व्हावी, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात तेवढे आम्ही थांबू. आमदार-खासदार तुमचा पेपर वाचतात म्हणून इथे लिहिलं.

एक औषध विक्रेता,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग