बाळाचा विचार करण्याआधी पॉलिसी उघडून बघ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

बाळाचा विचार चाललाय म्हणालीस, फार बरं वाटलं. आता आधी आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाच. प्रसूतीचं कव्हर बऱ्याच पॉलिसींत नसतंच. असलं तरी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचा काळ; कुठे 9 महिने, कुठे 3-4 वर्षं. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत हा काळ पुष्कळदा माफ असतो, पण नोकरी सुटली की कव्हरही सुटतं. नोकरी बदलायची असेल तर आधी तारखा जुळवून बघ.

विम्याची एकूण रक्कम बघून निर्धास्त होऊ नकोस. प्रसूतीसाठी त्यातली थोडीच रक्कम असते. नॉर्मलला लेबर रूम, डॉक्टरांची फी, 1-2 दिवसांची खोली. सिझेरियनला थिएटर, भूलतज्ज्ञ, असिस्टंट आणि 3-4 दिवस. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेतलंस तर नॉर्मलच्या बिलातही भूलतज्ज्ञ येतो. सुईणीकडे किंवा घरी खर्च कमी, पण पॉलिसीत ‘नोंदणीकृत रुग्णालय’ अशी अट असेल तर तो सगळा खिशातून. ऐनवेळी रुग्णालयात हलवावं लागलं तर दोन्हीकडची बिलं.

सगळ्यात जास्त फसगत खोलीच्या भाड्यात होते. पॉलिसीत दिलेल्या भाड्याच्या मर्यादेच्या दीडपट भाड्याची खोली घेतली, तर काही कंपन्या नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत; डॉक्टर आणि थिएटरचे पैसेही दोन तृतीयांशच देतात. मर्यादेतलीच खोली घे गं.

बाळाचं कव्हर कुठे पहिल्या दिवसापासून, कुठे 90 दिवसांनंतर. 37 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लागलं, तर ते बिल तुझ्या बिलाच्या पुढे जाऊ शकतं. जन्मानंतर किती दिवसांत बाळाचं नाव पॉलिसीत चढवायचं, तेही लेखी विचारून घे.

नॉर्मलसाठी घेतलेली कॅशलेस मंजुरी (म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला द्यायची) सिझेरियनला पुरत नाही. वाढीव रकमेसाठी रुग्णालयाने पुन्हा अर्ज करावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर सिझेरियनचं वैद्यकीय कारण स्पष्ट हवं, नाहीतर क्लेम अडतो.

रुग्णालयाकडून नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हींच्या खर्चाचा लेखी अंदाज घे आणि सिझेरियनच्या आकड्याइतके पैसे बाजूला ठेव. कळा सुरू असताना निर्णय डॉक्टरांचा आणि तुझा असू दे, पैशांचा नको. पॉलिसीची प्रत मला पाठव, अपवादांची यादी मी वाचते.

तुझी,
आई