पर्यटनमंत्री साहेब, पाण्यापाशी माणूस उभा करा

मा. पर्यटनमंत्री साहेब, नमस्कार.

मी नाशिकचा. आमच्याकडे समुद्र नाही पण गंगा आहे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) आणि आजूबाजूला धरणंच धरणं. पूर किती आला ते आम्ही नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. पण बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं हे आम्हाला कधी कोणी शिकवलंच नाही.

माझा मावसभाऊ असाच धरणाच्या बॅकवॉटरला बुडून गेला. 19 वर्षांचा. काठावर आम्ही चौघं होतो, तो ओरडला नाही, हात हलवले नाहीत, फक्त डोकं मागे गेलं आणि तोंड पाण्याच्या बरोबरीला आलं, आम्हाला वाटलं मस्ती करतोय. गाडीत 20 लिटरचा रिकामा जार होता, झाकण लावून फेकला असता तरी त्याने धरला असता, पण सुचलंच नाही हो. गावातल्या लोकांनी बाहेर काढलं तर सगळे पोट दाबून पाणी काढत बसले, आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो हे मला फार नंतर कळलं. तो जार अजून घरात आहे.

आता आमची पोरं लाँग वीकेंडला कोकणात जातात, विहिरीत पोहायला शिकलेली, भरती-ओहोटी माहीत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत दिसतं तिथंच कधी कधी आत ओढणारा प्रवाह असतो, त्यात सापडलं की किनाऱ्याकडे सरळ झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, हे त्यांना सांगणार कोण? 2016 ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची डझनाहून जास्त मुलं एका दुपारी बुडून गेली. गोव्याने 2008 पासून पगारी लाइफगार्ड ठेवलेत, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नुसता धोक्याचा बोर्ड. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 2021 मध्ये जगात साधारण 3 लाख लोक बुडून गेले, त्यातले जवळपास निम्मे तिशीच्या आतले. म्हणजे लहान पोरं आणि माझ्या भावासारखी तरुण मुलं.

साहेब, बॉडी शोधायला तुम्ही ज्या कोळी-भोई पोरांना बोलावता ना, त्यांनाच ट्रेनिंग द्या, पगार द्या आणि शनिवार-रविवारी, पावसाळ्यात गर्दीच्या किनाऱ्यावर, धरणावर आधीपासून उभं करा. शिक्षण खात्याशी बोलून शाळेत पाचवी-सहावीपासून पोहणं आणि श्वास द्यायचं शिकवा. सिंहस्थाला रामकुंडावर बंदोबस्त असेलच, पण तीच गर्दी पुढे सोमेश्वरला, गंगापूर धरणाला पण जाते, तिथलंही बघा. आणि प्रत्येक ठिकाणी खांबाला एक तरंगणारी रिंग आणि लांब दोरी लटकवा, कोणालाही पटकन काढता येईल अशी, कुलपात नको.