सकाळी साडेसातची वेळ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

सविनय नमस्कार.

मी कळव्यात राहते. अकरा वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. आम्ही रुग्ण नुसतं एमएस म्हणतो. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. माझ्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते, ते मला चार पावलांनंतर कळतं. स्टेशनच्या पुलावर अशा दोन चपला गेल्या.

पण आज लिहायचंय ते फिजिओथेरपीबद्दल, आणि तिच्या नावाने मोजल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉल या ताणाशी जोडलेल्या हॉर्मोनबद्दल.

गेल्या हिवाळ्यात ठाण्यातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये फिजिओथेरपी घेतली. ‘व्यायामाने हॉर्मोन्सचं संतुलन’ अशी पाटीच होती तिथे. बारा सिटिंग, आधी आणि नंतर रक्ततपासणी. कॉर्टिसॉल उतरलं म्हणून काउंटरवरच्या मुलीने अभिनंदनही केलं. घरी येऊन दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिलं रक्त सकाळी आठला घेतलेलं, दुसरं संध्याकाळी पाचला! कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चढतं आणि दिवसभर उतरत जातं. मी तेवढे दिवस घरी लोळत पडले असते तरी आकडा उतरलाच असता. त्यात मधे एमएसचा अटॅक आला, म्हणजे लक्षणं अचानक बळावली, म्हणून पाच दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन घेतलं होतं, रोज एक ग्रॅम. बाहेरून इतकं स्टेरॉइड आलं की कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी काही काळ हात आखडता घेतात. हे मला कुणी विचारलंच नाही.

हॉर्मोन्सचा आणि एमएसचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतर वाढतात, हे 1998 सालीच युरोपातल्या मोठ्या पाहणीत दिसलं. पण व्यायामाने कॉर्टिसॉलचं काय होतं यावरचे अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर पाटी रंगवून पैसे घेणं मला पटत नाही.

गंमत म्हणजे व्यायामाचा खरा फायदा मला झाला, तो रिपोर्टात नव्हता. तोंड धुताना डोळे मिटले की माझा तोल जायचा. तिसऱ्या आठवड्यापासून बेसिन न धरता उभी राहू लागले. पैसे संपले, सिटिंग थांबली, आणि दोन महिन्यांत हात पुन्हा बेसिनवर आला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बेतलेली. पायाच्या व्यायामासाठी भरती कोण होणार, साहेब? आठवड्यातून दोनदा, वर्षभर, बाह्यरुग्ण म्हणून मिळणारी फिजिओथेरपी त्यात आणा. ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा. हॉर्मोन्स मोजायचेच असतील तर दर वेळी त्याच तासाला रक्त घ्या आणि स्टेरॉइड कधी घेतलं ते केसपेपरवर लिहा. पण त्या आकड्यासाठी व्यायाम अडवू नका.

आणि व्यायामाच्या खोलीत एसी हवा. ही चैन नाही. अंग थोडं तापलं तरी आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. श्रमानंतर एमएस रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्येच नोंदवलंय; त्यामागे तापलेलं अंग आहे हे पुढे कळलं. ठाण्याचा मे तुम्हाला माहीत आहे. म्हणून पहिली वेळ सकाळी साडेसातची ठेवा. दहानंतर मला रिक्षापर्यंतही चालवत नाही.

आपली,
कळव्याची एक एमएस रुग्ण