कात्रजचा नळ कोणाच्या अखत्यारीत येतो? मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

महोदय,

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधवून घेतलेला कात्रजचा नळ, म्हणजे शहरात पाणी आणणारी भुयारी जलवाहिनी, पुण्यातील पेठांच्या चौकांखाली अनेक ठिकाणी आजही टिकून आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यातील एका चौकाखालचा भाग नागरिकांना उतरून पाहता येईल, असे आश्वासन एका जबाबदार अधिकाऱ्याने भर बैठकीत दिले होते. गेल्या आठवड्यात त्यांच्याच सहीचे उत्तर आले: ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी हयात गेली, म्हणून हे अधिक झोंबले. पंप नाही, वीज नाही. केवळ उतार साधून कात्रजच्या तलावाचे पाणी माणूस चालू शकेल एवढ्या दगडी भुयारातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत येत असे. वाटेतल्या उच्छ्वासांत, म्हणजे नळावरच्या विहिरीवजा झरोक्यांत, हवेला वाट मिळे, गाळ तळाशी बसे आणि वरचे निवळ पाणी पुढे सरके. आमच्या भागातील उच्छ्वासात आता निर्माल्य, दुधाच्या पिशव्या आणि कोणाच्या तरी न्हाणीघराच्या फुटक्या फरश्या बसल्या आहेत.

नळाची लांबी कोणी आठ किलोमीटर सांगतो, कोणी दहा. अधिकृत नकाशा मागितला, तर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले; नळाचे सर्वेक्षण राहिले बाजूला, बंद लिफ्टच्या इमारतींचे जिने चढून माझ्या गुडघ्यांचे तेवढे चोख झाले. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुने भुयार उघडे पडले, तेव्हा वृत्तपत्रांतून केवढे कौतुक झाले होते! पोलंडमधील क्राकूव्ह येथे मुख्य बाजारचौकाखालचे मध्ययुगीन अवशेष 2010 पासून कोणीही तिकीट काढून पाहू शकतो, आणि वर चौक नेहमीसारखा गजबजलेला असतो.

आपल्याकडे वारसा म्हणजे जयंतीची मिरवणूक, पुतळ्याचे भूमिपूजन आणि पानभर सरकारी जाहिरात. जमिनीखालच्या नळावर फ्लेक्स टांगता येत नाही, हीच बहुधा त्याची खरी अडचण असावी. प्राचीन स्मारकांसाठी राज्याचा 1960 चा कायदा आहे, खाते आहे, मंत्री आहेत. नाही तो फक्त जबाबदारी घेणारा माणूस. कर भरताना मात्र आम्ही नेमके कोणाच्या अखत्यारीत येतो, हे सरकारला बिनचूक कळते.

नळाची शास्त्रीय मोजणी करावी, उच्छ्वास साफ करावेत आणि एका चौकात तरी खाली उतरायला सुरक्षित जिना करावा, एवढीच मागणी आहे. हे पत्र कृपया ‘पुढील कार्यवाहीस्तव’ त्याच अधिकाऱ्याकडे पाठवू नये.

आपला,
पेठेतील एक करदाता