जुन्या हायवेलाही मान द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सेलिगमन नावाचं एक छोटं गाव आहे, वस्ती जेमतेम काहीशेची. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा तो प्रसिद्ध रूट ६६ ह्या गावातून जायचा, सगळा धंदा त्याच्यावरच, आणि २२ सप्टेंबर १९७८ ला बाजूने नवा मोठा हायवे सुरू झाला नि गाड्या एका दिवसात बंद. १९८५ मध्ये तर रूट ६६ सरकारी नकाशावरूनच गेला. पण गावातला एंजल डेल्गाडिलो नावाचा न्हावी गप्प बसला नाही, त्याने लोक जमवले, १९८७ मध्ये संघटना काढली आणि त्याच वर्षी राज्य सरकारला सेलिगमन ते किंगमन हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करायला लावला. आता तिथं दरवर्षी जुन्या गाड्यांची मोठी रॅली निघते, जगभरातले लोक येतात. ११ नोव्हेंबर १९२६ ला जन्मलेल्या त्या रस्त्याचं २०२६ हे शंभरावं वर्ष, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आपल्या गोव्यातून पत्रादेवी ते पोळे जाणारा हायवेही आता ६६ च आहे, २०१० पर्यंत तो १७ होता आणि जुनी माणसं अजून सतराच म्हणतात. ह्या रस्त्याचा इतिहास काय कमी आहे का? पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. जुवारी नदीवर पूल नव्हता तेव्हा कुठ्ठाळी-आगशी फेरीबोट हाच हायवे होता. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला आणि सगळं पणजी-बेती परत फेरीवर आलं, ते हाल ज्यांनी काढले ते आज पन्नाशी-साठीत आहेत, त्यांना विचारा. पण ह्यातलं पत्रादेवीचं स्मारक सोडलं तर रस्त्याने जाणाऱ्याला काय कळतं?

आमच्या काणकोणात २०१९ मध्ये चार रस्ता ते माशे बायपास झाला. चांगलाच झाला, चावडीवरचे, म्हणजे आमच्या काणकोणच्या मुख्य बाजारातले ट्रक गेले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण चावडीवरून जाणारा जुना रस्ता आता नुसता 'आतला रस्ता' झालाय. ह्याच रस्त्यावर कारवारच्या गाड्या चहाला थांबायच्या, ट्रकवाले रात्री जेवायचे, कितीतरी घरं त्याच्यावर चालली. उद्या करमल घाटाचं रुंदीकरण झालं की तिथली जुनी वळणंही जातील आणि मग पुढच्या पिढीला सांगायला आपल्याकडे फोटोसुद्धा नसेल.

माझी मागणी मोठी नाही. जिथं जिथं बायपास झाला तिथं जुन्या भागावर मराठी-कोंकणीत फलक लावा, 'जुना राष्ट्रीय महामार्ग १७' असं स्पष्ट लिहून. जुने मैलाचे दगड उखडून गटारात टाकू नका, आहेत तिथंच रंगवून ठेवा. कुठ्ठाळी आणि बेतीच्या धक्क्यावर फेरीची माहिती लिहा. पालिका, पंचायती आणि शाळांनी मिळून वर्षातून एक दिवस जुन्या रस्त्यावर गाड्या बंद ठेवून जुन्या बस, स्कूटर, फोटो मांडले तर दुकानदारांचाही फायदाच आहे. आणि सगळ्यात आधी म्हणजे त्या वेळचे ड्रायव्हर, कंडक्टर, फेरीवरचे खलाशी आणि हॉटेलवाले ह्यांच्या आठवणी मुलांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्याव्यात, कारण फलक पुढच्या वर्षीही लागतील, ही माणसं मात्र आता थकलीत.

— एक वाचक, काणकोण